एक-चौदावर एकच नाव

(गोव्यातल्या फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

महिन्यापूर्वी पेडण्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नोंदीचा, उतारा काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. कब्जेदाराच्या रकान्यात त्यांच्या आजोबांचं एकट्याचं नाव. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. पावसात घराचं एक अंग खाली आलं, आणि दुरुस्तीला निघाल्या तर पंचायतीत सहहिश्शेदारांची ना हरकत मागितली. हिश्शेदार मोजले तर सतरा. कोणी मुंबईला, कोणी लिस्बनला.

मंडळी, हे घर आपल्यापैकी अनेकांचं आहे, म्हणून मी कळकळीने बोलतोय. उताऱ्यावरची नोंद खरी धरून चालतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. तो मालकीचा दस्त नव्हे. उताऱ्यावर नाव नाही म्हणून कुणाचा हक्क बुडत नाही, आणि आहे म्हणून तो एकटा मालक होत नाही.

आता लग्नाची गोष्ट. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर साधारणपणे नवराबायकोची मिळकत सामायिक, निम्मी-निम्मी. नवरा वारला की बायकोचा अर्धा भाग हा वारसा नाही, तो तिचा मुळातलाच आहे. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. म्हणून जमीन विकताना भावाची सही घेऊन भागत नाही, वहिनीचीही लागते. ‘लग्नात बहिणीला सोनं दिलं, तिने हक्क सोडलाय’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. बाप जिवंत असताना त्याच्या वारशाचा हक्क सोडता येत नाही. तसा हक्क सोडल्याचा कागद कितीही जपून ठेवलात तरी त्याला किंमत नाही, आणि तो बहिणीपुढे नाचवणं मला अन्यायाचं वाटतं.

सतरा सह्यांच्या मागे धावण्यापेक्षा इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मिळकत वाटून घेण्याचा कोर्टातला दावा, दाखल करा. 2012 चा गोव्याचा वारसा कायदा 2016 च्या डिसेंबरात लागू झाला, त्यात ही रीत नीट घालून दिली आहे. एकट्या वारसालाही ती सुरू करता येते. कुटुंबप्रमुख मिळकतींची यादी देतो, परदेशातल्यांना नोटीस जाते, त्यांना मुखत्यारपत्र देता येतं. एकच घर सगळ्यांत कापता येत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची जास्त, त्याला घर, आणि इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे. यात घर फुटतं असं लोक म्हणतात. माझ्या मते घर फुटतं ते वर्षानुवर्षं न वाटल्याने.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडंच. सोसायटी नोंदली की काम संपलं, असं समजू नका. खालची जमीन अजून बिल्डरच्या नावे असेल, तर सामायिक जागेची मालकी सोसायटीकडे आलेलीच नाही. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम 17 खाली हस्तांतरण दस्त मागा, आणि मागणी लेखी ठेवा.

त्या बाई विचारत होत्या, सुरुवात कुठून करू? मी सांगितलं, आधी मृत्यूचे दाखले, मग लग्नांचे. आजोबांपासून खाली, एकेका पिढीचे. गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. पिशवी तीच, आत अकरा दाखले होते.