फोन चपलांच्या कपाटावर

[दृश्य: डोंबिवली. सकाळ. ओट्यावर कुकर, शेजारी तापलेला तवा.]

साडेसहा वाजलेत. एका गॅसवर कुकर, दुसऱ्यावर पोळ्या. पहिलीतला मुलगा खुर्चीत बसलाय, डोळे अजून अर्धे मिटलेले. समोर दुधाचा पेला आणि पेल्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. कार्टून चालू आहे तोवर घास आत जातो. फोन बाजूला झाला की तोंड बंद.

याला आईचा आळस म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक वेळा ते स्वतः पोळ्या लाटत नसतात.

इथे फोन एका माणसाचं काम करतोय. मुलाला एका जागी बसवायचं, रडू द्यायचं नाही, पोटात चार घास घालायचे. तो काढून घ्यायचा, तर त्याच्या जागी घरातलं कुणीतरी बसायला हवं. कोण बसणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

[दृश्य: शाळेची बस. खिडकीला डोकं टेकवून पेंगणारी मुलं.]

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. त्याच सूचनांमध्ये झोपेचाही हिशेब आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. या दुसऱ्या आकड्याकडे आपलं लक्ष जात नाही.

महाराष्ट्रात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत, असं शिक्षण विभागानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, ते झोपेसाठीच. पण सकाळी मिळालेला तास रात्रीच्या मालिकेत गेला, तर मूल पुन्हा तितकंच किरकिरत उठणार. आणि किरकिरणाऱ्या मुलाला गप्प करायला मोबाइलइतकं झटपट दुसरं काही नाही.

[दृश्य: सांगली जिल्हा. उसाची शेतं, गावातलं देऊळ, त्यावरचा भोंगा.]

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली. शाळा पुन्हा भरली, तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट २०२२ पासून गावानं एक नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा.

वेळ संध्याकाळची, पण सकाळसाठी त्यातलं एक उचलण्यासारखं आहे. हा भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. मालिका बघणाऱ्यांनाही उठून टीव्ही बंद करावा लागतो.

[दृश्य: पुन्हा डोंबिवलीचं घर. काही आठवड्यांनंतर.]

दप्तर आणि गणवेश आता रात्रीच काढून ठेवलेले असतात. उठवायला टेबलावरचं गजराचं घड्याळ. आधी गजर फोनमध्ये होता; तो बंद करायला हात गेला की हात तिथेच राहायचा, बाबांचा. आता फोन दाराजवळ, चपलांच्या कपाटावर. आकाशवाणी चालू असते. बातम्या लागल्या की आंघोळीला जायचं, एवढं मुलाला सांगावं लागत नाही.

[दृश्य: जवळून, मुलाचे हात.]

त्याला काम मिळालंय, पोह्यांसाठी कढीपत्ता निवडायचा. काडीचं टोक डाव्या हातात धरायचं, उजव्या चिमटीनं उलट्या बाजूला ओढायचं, की पानं सटासट सुटतात. दोनचार जमिनीवर पडतात. शेजारी बाबा बसलेत, कांदा चिरत. त्यांचे तुकडे फारच मोठे होतात, पण आईनं त्यावर न बोलायचं ठरवलेलं दिसतं.

दूध अजूनही अर्धंच संपतं.

सुरुवातीचे दिवस रडारडीचे गेले, आणि तेव्हा फोन परत द्यावा असं सगळ्यात जास्त आजीला वाटलं. एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. शाळेचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तेही ऐनवेळी: ‘आज रंगीत कपडे’, ‘बस वीस मिनिटं उशिरा’. म्हणून साडेसातला बाबा एकदा कपाटापाशी जातात, उभ्याउभ्याच वाचतात. खाली बसून वाचायचं नाही, ही अट आईची.