चिलटाच्या अळीत मणी कोण फोडतं?

नमस्कार श्रोतेहो. द्राक्षाचा हंगाम सरत आला की पंचवटीतल्या फळगाड्यांवर, फुटलेल्या मण्यांभोवती बारीक चिलटं घोंघावतात. आजचा विषय त्यांचाच, म्हणजे ड्रॉसोफिलाचा. पेरू-आंब्यात अळी पाडणारी, जिच्यासाठी बागेत मिथिल युजेनॉलचा सापळा टांगतात, ती फळमाशी निराळी. गल्लत नको.

चिलटाची अळी अंड्यातून निघाली की चारेक दिवसांत तिच्या स्नायूचं क्षेत्रफळ जवळपास शंभरपट होतं. त्याला हलवणाऱ्या चेतापेशी मात्र तेवढ्याच राहतात. मग चेतापेशी आणि स्नायू यांच्यातला जोड मोठा करावा लागतो. चेतातंतूचं टोक स्नायूवर घडासारखं पसरतं आणि त्याला नवे मणी फुटत जातात. या मण्यांना बुटॉन म्हणतात.

मागणी नोंदवतो तो स्नायू. तो 'ग्लास बॉटम बोट' नावाचं प्रथिन सोडतो (माशीवाले नावं ठेवण्यात भारी हौशी!). चेतातंतूवरचा 'विशफुल थिंकिंग' हा ग्राही ते पकडतो. मग 'मॅड' या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतो आणि निरोप थेट चेतापेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. हा ग्राही 2002 साली उजेडात आला, स्नायूकडून येणारा निरोप 2003 साली. ग्राहीच बिघडला तर मणी खूपच कमी फुटतात.

नुसतं खत घालून भागत नाही, छाटणीही लागते. ते काम 'हायवायर'चं. हायवायर म्हणजे डोंबाऱ्याची उंच तार. हे प्रथिन 'वॉलेंडा' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला वाढू देत नाही. वॉलेंडा हे तारेवर चालणाऱ्या सर्कसवाल्या घराण्याचं नाव! हायवायर नसेल तर मणी बेसुमार वाढतात, पण जोडातून जाणारा संदेश उलट कमजोर होतो. मणी जास्त म्हणजे जोड भक्कम, असं धरून चालू नका.

प्रयोगशाळेत हे मणी मोजताना खरी फसगत होते. चिलटं वाढवायच्या बाटलीची भिंत चढू लागलेली अळीच घ्यावी. सिलिकॉनच्या गादीवर तिला पाठ वर करून डोक्याशी आणि शेपटीशी बारीक टाचण्या टोचायच्या, पाठीवरून उभा छेद द्यायचा, आतडी आणि चरबी काढून कातडी चारही बाजूंनी ताणायची. द्रावणात कॅल्शियम नको, नाहीतर स्नायू आकसतात आणि टाचणीपाशी फाटतात. चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये वीसेक मिनिटं ठेवून मग प्रतिपिंडांनी रंगवायचं. सहा आणि सात क्रमांकाच्या स्नायूंवरचे मणी मोजायचे, दर वेळी पोटाच्या त्याच खंडातले.

बाटलीत अळ्यांची दाटी झाली की त्या खुरटतात, स्नायू लहान राहतो आणि मणीही कमी दिसतात. दोष जनुकाचा नसतोच! म्हणून मण्यांची संख्या स्नायूच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावी. तापमानानेही आकडा हलतो. नाशिकच्या एप्रिलात बाटल्या टेबलावर ठेवून चालणार नाही, पंचवीस अंशांचं इन्क्युबेटर हवंच.

मणी खरोखरच कमी भरले, तर निरोप केंद्रकापर्यंत पोचला का, हे फॉस्फेट चिकटलेल्या मॅडचा रंग पाहून कळतं. पण चेतापेशींची ती केंद्रकं स्नायूपाशी नसतात, मेंदूमागच्या चेतारज्जूत असतात. आतडी ओढताना रज्जूही उपटली, तर तपासायला काही उरत नाही.