चेंडू सोडा, त्या पाच जणांकडे बघा

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी अमेरिकन फुटबॉलबद्दल विचारलं, "चेंडू एकच जण फेकतो, मग बाकीचे एकमेकांवर का आदळतात?" आजचं सगळं बोलणं मी याच प्रश्नावर करणार आहे.

नियम थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न. या एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर लांब पळून झेलतो, रनिंग बॅक तो पोटाशी धरून गर्दीत घुसतो. ही नावं टीव्हीवर सतत कानावर पडतात, तेव्हा त्यांना इथेच सोडू.

मला बोलायचंय ते त्यांच्या पुढे वाकून बसलेल्या पाच जणांबद्दल. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, टोकांना टॅकल. वजन बहुतेकांचं १३० किलोच्या वर. पाठीवर ५० ते ७९ मधला आकडा, म्हणजे एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलायची यांना मुभाच नाही. समोरच्याला रेटायचं, पण धरून ठेवायचं नाही. धरलं की दहा यार्डांचा दंड. सेंटरने पायांमधून चेंडू मागे दिला की क्वार्टरबॅकला विचार करून फेकायला जेमतेम तीन सेकंद हवे असतात. ते तीन सेकंद हे पाच जण अंगावर झेलतात.

त्यातही डावा टॅकल. कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर कोण उभा आहे याला किती महत्त्व असतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक उजवीकडे वळून उभा राहतो, म्हणजे डावीकडून येणारा त्याला दिसतच नाही. तो डावखुरा असेल तर हीच जोखीम उजव्या टॅकलवर येते.

न दिसणं म्हणजे काय, ते १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री सगळ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिलं. न्यू यॉर्क जायंट्स संघाचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव करणाऱ्या बाजूचा गडी, लॉरेन्स टेलर वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमनवर येऊन आदळला आणि थाइसमनच्या पायाचं हाड मोडलं. टेलर स्वतःच उठून बाहेरच्यांना हातवारे करून मदतीला बोलवत होता. थाइसमन त्यानंतर कधीच खेळला नाही.

टेलरसारखे वेगवान गडी आले तसा डाव्या टॅकलचा भाव वाढत गेला. सिनसिनाटी बेंगल्सचा अँथनी मुन्योझ त्या जागेवरचा माझ्या मते सर्वांत थोर खेळाडू. १९९८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत घेतलं. पण एक गोष्ट मला खटकते. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं तर त्याला सॅक म्हणतात, आणि एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली या खेळाची व्यावसायिक लीग, १९८२ पासून पाडणाऱ्याच्या नावावर त्याची अधिकृत नोंद ठेवते. ज्याने तासभर कुणाला आत येऊच दिलं नाही, त्याच्या खात्यावर कसलाही आकडा पडत नाही.

म्हणून पुढच्या सामन्यात एवढं करा. एका डाऊनपुरती नजर चेंडूवरून काढा आणि डाव्या टॅकलच्या पायांवर ठेवा. तो समोरच्याला थेट थांबवत नाही. छोटी छोटी पावलं मागे टाकत त्याला बाहेरच्या बाजूने, क्वार्टरबॅकच्या पाठीमागून लांब फिरायला लावतो. तेवढ्यात चेंडू हातातून सुटलेला असतो.