मुद्दाम शून्य घेणारा संघ

कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ. स्किपच्या (कर्णधाराच्या) हातात एन्डचा, म्हणजे डावाचा, शेवटचा दगड. समोरच्या वर्तुळात एकही दगड नाही. अलगद नेऊन ठेवला की एक गुण पक्का. आणि तो दगड जोरात सोडतो, वर्तुळातून आरपार, थेट मागे! गुण शून्य. तरी संघातले चौघंही खूश. जागतिक पुरुष कर्लिंग स्पर्धेत हे वारंवार दिसतं, आणि हे कळलं की अख्खा खेळ उलगडतो. म्हणून आज फक्त एवढंच बोलू या.

आधी पटकन नियम. संघात चौघं, प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे एका एन्डला दोन्हीकडून आठ-आठ. दगड ग्रॅनाइटचा, वजन २० किलोच्या आत. वर्तुळांना म्हणतात हाउस, मधल्या बिंदूला बटन. एन्ड संपला की बटनाच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, गुण त्यालाच. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहून त्याचे जितके दगड आत, तितके गुण. असे १० एन्ड.

आता गंमत. एन्डमधला शेवटचा दगड म्हणजे हॅमर. ज्यानं गुण मिळवला, त्याला पुढच्या एन्डचा हॅमर समोरच्याला द्यावा लागतो. कुणालाच गुण नाही, तर हॅमर आहे तिथंच राहतो. मग हॅमर देऊन एकच गुण घ्यायचा? घाट्याचा सौदा! दोन मिळत असतील तर घ्यावेत, नाहीतर शून्य बरं. आणि समोरचा संघ सगळं डोकं लावतो ते तुम्हाला त्या एका गुणावर अडकवायला. हॅमर नसताना त्यानंच गुण मारला, तर ती चोरी. कर्लिंगवाले खरोखर ‘स्टील’ म्हणतात.

शेवटच्या दगडाची किंमत बघायची असेल तर १९७२ ची जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनची जागतिक स्पर्धा आठवावी लागते. कॅनडाविरुद्ध अमेरिका, शेवटचा एन्ड. अमेरिका दोन गुणांनी पुढे आणि शेवटचा दगड कॅनडाच्या ओरेस्ट मेलेशुकचा. दगड बसला, पण दुसरा गुण मिळाला की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. अमेरिकन खेळाडूंना वाटलं, जिंकलो! त्यांचा स्किप बॉब लाबॉन्टे आनंदानं उडी मारायला गेला, पाय घसरला आणि बूट लागला नेमका कॅनडाच्या दगडाला. मोजणार काय आता? दुसरा गुण कॅनडाला दिला गेला, बरोबरी झाली आणि जादा एन्डमध्ये कॅनडानं १०-९ असा सामना नेला. मला त्या माणसाबद्दल आजही वाईट वाटतं. पुढं १९८० पर्यंत कॅनडाला हे विजेतेपद मिळालं नाही, आणि लोक त्याला ‘लाबॉन्टेचा शाप’ म्हणू लागले.

हॅमर राखण्यात आजच्या काळात माझा आवडता स्किप स्वीडनचा निक्लास एडिन. २०१३ ते २०२४ मध्ये सात जागतिक विजेतेपदं! त्यातली २०१८, २०१९, २०२१ आणि २०२२ ची सलग, कारण २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे झालीच नाही.

पुढचा सामना बघाल तेव्हा नववा एन्ड चुकवू नका. गुण बरोबरीत असतील आणि हॅमरवाल्या संघाचा शेवटचा दगड रिकाम्या हाउसमधून मागे गेला, तर समजा, दहाव्या एन्डचा शेवटचा दगडही त्याचाच.