नाकारलेल्या शक्तींचे सुपरहिरो

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन कॉमिक्समध्ये गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हजारो सुपरहिरो जन्माला आले. त्यांपैकी उडणारे, डोंगर उचलणारे आणि डोळ्यांतून किरण सोडणारे वीर आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. त्यांच्या मागे मात्र एक दुसरी रांग उभी आहे. त्या रांगेतल्या वीरांच्या शक्ती ऐकल्या की लहान मूलसुद्धा विचारते, "पण याचा उपयोग काय?" आजचे भाषण या दुसऱ्या रांगेविषयी आहे, आणि त्यांच्या कथा वाचून माझे जे मत झाले आहे ते सुरुवातीलाच सांगतो. यांतल्या बहुतेक शक्ती मुळात निरुपयोगी नव्हत्या. ज्या ठिकाणी त्या उपजल्या तिथे त्यांच्यावाचून जगणे कठीण होते. त्या निरुपयोगी ठरल्या त्या परक्या ठिकाणी, परक्या परीक्षकांसमोर उभ्या राहिल्यावर.

मॅटर-ईटर लॅडपासून सुरुवात करू. 1962 साली 'अॅडव्हेंचर कॉमिक्स' या मासिकात तो प्रथम आला. त्याचे नाव टेन्झिल केम, आणि त्याची शक्ती एवढीच की तो कोणतीही वस्तू खाऊ शकतो. लोखंड, दगड, काच, यंत्र, काहीही त्याच्या दाताखाली भुगा होते आणि त्याला पचते. कॉमिक्समधल्या निरुपयोगी शक्तींची चर्चा निघाली की याचे नाव हटकून पहिल्या काहींत येते. परंतु तो ज्या बिस्मॉल ग्रहाचा, त्या ग्रहाची हकीकत वेगळी आहे. तिथल्या सूक्ष्म जंतूंमुळे ग्रहावरचे सगळे अन्न खाण्यास अयोग्य झाले, आणि तगून राहण्यासाठी तिथल्या माणसांची शरीरे वाटेल ते पचवण्याजोगी घडत गेली. म्हणजे पृथ्वीवर जिचे हसू होते ती शक्ती बिस्मॉलवर दुष्काळातून वाचलेल्या लोकांची ठेव होती. पुढच्या एका कथेत, विचारमात्रे इच्छा खऱ्या करणारे आणि कशानेही न फुटणारे एक यंत्र साऱ्या विश्वाचा घात करील अशी वेळ आली, तेव्हा टेन्झिलने ते यंत्र चक्क खाऊन टाकले. विश्व वाचले, पण त्या यंत्रातल्या ऊर्जेने त्याचे मन बिघडले. या प्रसंगाकडे मी कधीही विनोद म्हणून पाहू शकलेलो नाही.

टेन्झिल ज्या संघात होता त्याचे नाव लीजन ऑफ सुपर-हिरोज. तिसाव्या शतकात निरनिराळ्या ग्रहांवरची तरुण मुले पृथ्वीवर एकत्र येऊन हा संघ चालवतात अशी ती कल्पना 1958 साली सुरू झाली. संघात शिरण्यासाठी चाचणी द्यावी लागे. उमेदवार पुढे येई, आपली शक्ती दाखवी आणि तिथल्या तिथे निकाल लागे. टेन्झिलला प्रवेश मिळाला, पण अनेकांना परत पाठवण्यात आले. अशाच परत पाठवलेल्या पाच जणांनी मार्च 1963 च्या अंकात आपला स्वतःचा संघ काढला. पोलर बॉय, नाइट गर्ल, स्टोन बॉय, फायर लॅड आणि क्लोरोफिल किड ही त्यांची नावे. लेखक एडमंड हॅमिल्टन यांनी या पाच जणांची कथा थट्टेच्या सुरात लिहिली नाही. नकार पचवून, कुणाला न सांगता, मुख्य संघाच्या मागे राहून पृथ्वीचे रक्षण करणारी मुले म्हणून त्यांनी ती लिहिली, आणि म्हणूनच साठ वर्षांनंतरही ती वाचावीशी वाटते.

या पाच जणांपैकी पोलर बॉयकडे आपण खानदेशातल्या माणसांनी जरा थांबून पाहिले पाहिजे. तो थार नावाच्या अतिशय उष्ण ग्रहाचा रहिवासी आहे. त्या उष्णतेत टिकून राहण्यासाठी तिथल्या लोकांना अंगातून गारवा सोडण्याची शक्ती लाभली. चाचणीच्या वेळी त्याला हा गारवा नीट आवरता आला नाही, सभागृहातले सगळे गारठले, आणि संघाने त्याला नाकारले. आता हाच मुलगा मे महिन्यात भुसावळ, यावल किंवा रावेरच्या शिवारात आला तर काय होईल याचा विचार करा. पारा 45 अंशांच्या वर गेलेला असतो, दुपारी उष्ण वारा सुटतो, आणि नुकत्याच निसवलेल्या केळीच्या बागेची पाने चिरफाळून लोंबू लागतात. शेतकरी बागेभोवती शेवरी लावतो, हिरवी जाळी बांधतो, पाण्याच्या पाळ्या वाढवतो, आणि तरीही वजनदार घड भरता भरता सटकून जमिनीवर येतात. एकदा सटकलेल्या घडाला व्यापारी भाव देत नाही, तो बहुधा बांधावर टाकावा लागतो. अशा दुपारी बांधावरून एक फेरी मारून चार अंशांनी हवा गार करणारा मुलगा गावात असेल, तर त्याची शक्ती आवरती आहे की अनावर, हा प्रश्न कोणीही विचारणार नाही. ज्या सभागृहात त्याला नापास करण्यात आले तिथे गारव्याची कुणाला गरजच नव्हती.

नाइट गर्लची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. सूर्यप्रकाश नसलेल्या कॅथून ग्रहावर तिच्या वडिलांनी तिला अफाट बळ मिळवून दिले, पण ते बळ केवळ अंधारात चालते. उजेडात ती साधी मुलगी होते. शेतीपंपाला रात्रीची वीज आली म्हणून मध्यरात्री पाणी भरायला निघणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना या शक्तीत उणेपणा दिसेल असे मला वाटत नाही. क्लोरोफिल किड वनस्पती झपाट्याने वाढवतो आणि फायर लॅड तोंडातून आग काढतो. या दोघांच्या शक्ती ग्रहाच्या गरजेतून आलेल्या नाहीत, अपघाताने मिळालेल्या आहेत, म्हणून त्यांच्यापाशी मी अधिक रेंगाळत नाही.

स्टोन बॉय मात्र सगळ्यांत विलक्षण आहे. तो स्वतःचे शरीर दगडाचे करू शकतो, पण दगड झाल्यावर त्याला हलता येत नाही. लढाईत अचल दगडाचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच्या झ्वेन ग्रहावर सहा सहा महिन्यांची रात्र असते, आणि ती प्रदीर्घ रात्र निभावण्यासाठी तिथले लोक दगड होऊन निजतात. तिथे या शक्तीला कोणी शक्ती म्हणतही नसेल, कारण ती प्रत्येकाला असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मॅटर-ईटर लॅड ज्यांनी निर्माण केला ते जेरी सीगल म्हणजे 1938 साली चित्रकार जो शुस्टर यांच्याबरोबर सुपरमॅन निर्माण करणारे लेखक. सुपरमॅनच्या पुढे रूढ झालेल्या कथेनुसार त्याचे सारे बळ आपल्या पिवळ्या सूर्यामुळे आहे. त्याच्या क्रिप्टॉन ग्रहाचा सूर्य तांबडा होता, आणि तिथे तो चारचौघांसारखाच राहिला असता. जगातला सर्वांत बलवान वीरही योग्य सूर्याखाली येऊन पडला म्हणून बलवान आहे. टेन्झिल केम आणि त्याच्यामधले अंतर मला म्हणूनच फार मोठे वाटत नाही.

सगळ्याच शक्तींची अशी पाठराखण करता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. 1989 साली याच लीजनच्या कथांमध्ये आर्म-फॉल-ऑफ बॉय नावाचा उमेदवार दाखवण्यात आला. तो स्वतःचा हात खांद्यापासून उपसून काढतो आणि सोट्यासारखा वापरतो. त्याची निर्मितीच हसे करण्यासाठी झालेली आहे, आणि नंतरच्या अनेकांनी निरुपयोगी वीर निर्माण करताना हाच सोपा मार्ग धरला. मला हा मार्ग पसंत नाही, कारण त्यात लेखकाला आपल्या पात्राविषयी काही कुतूहल उरलेले नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे मार्व्हल प्रकाशनाचा सायफर. डग रॅम्झी नावाचा हा किशोरवयीन मुलगा 1984 साली 'न्यू म्युटंट्स' या मालिकेत आला. त्याला कोणतीही भाषा, बोली, लिपी किंवा संकेत समजतो. त्याचे सवंगडी लाव्हारस फेकत होते, लांडगा होत होते, आकाशात झेपावत होते, आणि हा मुलगा लढाईत आडोशाला उभा राहत होता. चित्रकारांना त्याचे चित्र काढण्यात रस वाटत नसे, असे त्या मालिकेच्या लेखिका लुईस सायमनसन यांनी पुढे सांगितले आहे. अखेर 1988 साली आपल्या सहकारी मुलीच्या दिशेने सुटलेली गोळी स्वतःवर घेऊन तो मरण पावला, आणि भाषा समजणाऱ्या वीराचे काम संपले असे सर्वांना वाटले.

परंतु ही शक्ती कुठे उभी केली आहे ते पाहा. लढाईच्या मैदानावर ती फुकट आहे. तिला नंदुरबार जिल्ह्यात आणा. धडगाव किंवा मोलगीकडच्या पाड्यावरून तापाने फणफणलेले मूल घेऊन आई दवाखान्यात येते. ती पावरी किंवा भिली बोलते, आणि समोरच्या तरुण डॉक्टरांचे शिक्षण मराठी व इंग्रजीत झालेले असते. मुलाला ताप कधीपासून आहे, त्याने पाणी प्यायले का, त्याला आकडी आली होती का, एवढे तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते तीन प्रश्न ओलांडायला कधी कधी उपचारापेक्षा जास्त वेळ लागतो. मग कोणी आशाताई किंवा दवाखान्यातली एखादी मावशी मध्ये उभी राहते. ती आईचे बोलणे ऐकून डॉक्टरांना सांगते आणि डॉक्टरांचे सांगणे पुन्हा आईच्या शब्दांत बसवते. तिथून डोंगर उतरून सपाटीवर आलो की अहिराणी सुरू होते. "मन्हं पोट दुखस" असे म्हणणारे आजोबा, यावल-रावेरकडची लेवा गणबोली, शहाद्याकडची गुजर बोली, सीमेपलीकडची गुजराती, बऱ्हाणपूरच्या वाटेवरची हिंदी, हे सगळे एका दिवसाच्या प्रवासात कानांवर पडते. अशा प्रदेशात ज्याला प्रत्येकाचे बोलणे समजते त्याला आडोशाला उभे राहायला सवड मिळणार नाही.

कॉमिक्सच्या लेखकांनाही हे उशिरा का होईना उमगले. सायफरला पुढे पुन्हा जिवंत करण्यात आले, आणि 2019 साली सुरू झालेल्या कथांमध्ये उत्परिवर्तित, म्हणजे जन्मजात वेगळी शक्ती असलेल्या, माणसांचे अख्खे राष्ट्र क्रकोआ नावाच्या एका जिवंत बेटावर वसवण्यात आले. हे बेट विचार करते, त्याला इच्छा आहेत, पण त्याचे बोलणे कोणालाच समजत नाही. बेट आणि त्यावर राहणारी माणसे यांच्यातला करार सायफरमुळे शक्य झाला. तोच मुलगा, तीच शक्ती. आग फेकणारे आणि पोलाद वाकवणारे वीर आता त्याच्या शब्दावर अवलंबून राहू लागले.

स्टोन बॉयची उरलेली हकीकत सांगून हे भाषण संपवतो. नाकारलेल्या पाच जणांची गुप्त कामगिरी काही काळाने मुख्य संघाला कळली, आणि त्यांच्यापैकी एकाला लीजनमध्ये घ्यायचे ठरले. पाचही जणांना पुन्हा आजमावण्यात आले आणि ती जागा दगड होणाऱ्या, हलू न शकणाऱ्या मुलाला देऊ करण्यात आली. त्याने संघाचे आभार मानले आणि जागा नाकारली. ज्या चौघांबरोबर त्याने आपल्या शक्तीचा उपयोग शोधून काढला होता, त्यांच्यासोबतच त्याला राहायचे होते.

नमस्कार.