काना, मात्रा, वेलांटी आणि यूआरएल

मंडळी, जँगोमध्ये, म्हणजे संकेतस्थळं बनवायच्या पायथनच्या चौकटीत, पूर्वी प्रत्येक पत्त्यासाठी (यूआरएलसाठी) रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांचा साचा सांगणारं सूत्र, लिहावं लागायचं. डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्ती आली, तिने ‘पाथ’ हे फंक्शन दिलं, आणि कोनी कंसात ‘इंट’ (पूर्णांक) किंवा ‘स्लग’ (नावाचं पत्त्यात वापरायचं सुटसुटीत रूप) लिहिलं की काम भागू लागलं. कंसातल्या या शब्दांमागे कन्व्हर्टर असतात, पत्त्यातला तुकडा तपासून कोडला हव्या त्या रूपात देणारे. त्यातले पाच तयार मिळतात: एसटीआर, इंट, स्लग, यूयूआयडी आणि पाथ. मला बोलायचंय ते सहाव्याबद्दल, जो आपला आपण लिहायचा असतो.

समजा, गावांची माहिती देणारं मराठी संकेतस्थळ आपण करतोय आणि पत्त्यातही गावाचं नाव मराठीतच हवंय. तयार स्लग कन्व्हर्टर रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ यांपलीकडे काही मानत नाही. ‘गाव/पुणे/’ मागणाऱ्याला थेट ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. मग आपण नावाचा स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनमध्ये युनिकोडला, म्हणजे रोमनबाहेरच्या लिपींनाही, परवानगी देणारा पर्याय चालू करतो, आणि खरी गोम तिथेच आहे. शब्दात कोणतं चिन्ह चालतं हे ते फंक्शन पायथनच्या रेग्युलर एक्सप्रेशनला विचारतं. पायथनच्या लेखी प आणि ण चालतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त चालत नाहीत, कारण युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग अक्षरांचा नाही, अक्षराला जोडायच्या चिन्हांचा आहे. ‘पुणे’चा स्लग होतो ‘पण’. ‘पाणी’चाही ‘पण’च. स्लग साठवणाऱ्या स्लगफील्डची तपासणीही याच नियमाने होते, म्हणून हाताने नीट ‘पुणे’ टाइप केलं तरी फॉर्म ते नाकारतो.

इथे आल्यावर बरेच जण रोमन लिपीकडे वळतात. मला ते पटत नाही. वाचक पानावर जे नाव वाचतो तेच त्याला पत्त्यात दिसलं पाहिजे. एक अडचण मात्र खरी आहे: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, टक्केचिन्हांसह त्याची ९ अक्षरं होतात, आणि कॉपी केलेल्या दुव्यात एकटं ‘पुणे’ ३६ अक्षरांचं होऊन बसतं. दिसायला ते वाईटच. पण जँगो पत्ता जुळवायला घेतो तो उलगडलेला, त्यामुळे आपल्या कोडला याचा त्रास नाही.

कन्व्हर्टर म्हणजे एक छोटा क्लास. त्यात तीन गोष्टी लागतात: रेजेक्स (म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन), टू-पायथन (पत्त्यातून कोडकडे) आणि टू-यूआरएल (कोडकडून पत्त्याकडे). रेजेक्समध्ये देवनागरीचा पट्टा, अंक आणि जोडरेघ घ्या, आणि झिरो विड्थ जॉइनर विसरू नका. ते डोळ्यांना न दिसणारं चिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेर आहे, पण मराठीला ते लागतं. ‘दऱ्या’ हा शब्द पाहा. त्यातला अर्धा र काही जण ऱ आणि हलन्त असा लिहितात, तर काही र, हलन्त आणि जॉइनर असा. ऱ स्वतःसुद्धा एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर सगळे सारखे दिसतात. डेटाबेसच्या दृष्टीने ते तीन वेगळे शब्द आहेत.

म्हणून टू-पायथनमध्ये शब्द आधी एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणायचा. त्याने र आणि नुक्त्याचा ऱ होतो. जॉइनरवालं रूप एनएफसीला कळत नाही, ते आपणच बदलायचं. शब्दाच्या सुरुवातीलाच मात्रा आली, तर व्हॅल्यूएरर द्यायचा. जँगो त्याचा अर्थ ‘जुळला नाही’ असा घेतो आणि पत्त्यांच्या यादीतल्या पुढच्या ओळीकडे जातो. टू-यूआरएल हीच सफाई उलट्या वाटेवर करतं. टेम्प्लेटमधले (पानाच्या साच्यातले) दुवे नावावरून तयार होतात तेव्हा तेच चालतं, त्यामुळे आपल्या संकेतस्थळावर अशुद्ध रूपाचा दुवा निघतच नाही. हे सगळं व्ह्यूमध्येही, म्हणजे पान तयार करणाऱ्या फंक्शनमध्येही, करता आलं असतं, पण व्ह्यू दहा असतात आणि नवा व्ह्यू लिहिणाऱ्याला ‘दऱ्या’ची कथा माहीत नसते. माझ्या मते लिपीची काळजी पत्ते जुळवणाऱ्या राउटरनेच घ्यावी.

एवढं झालं की रजिस्टर-कन्व्हर्टरने त्याला नाव द्यायचं आणि कंसात वापरायचं. क्रमाकडे मात्र लक्ष असू द्या. जँगो वरून खाली बघत जातो आणि पहिली जुळणारी ओळ घेतो, म्हणून ‘गाव/नवीन/’ ही ठरावीक ओळ कन्व्हर्टरच्या ओळीच्या वर हवी, नाहीतर ‘नवीन’ नावाच्या गावाचा शोध सुरू होतो. बाहेरून कुणी दुसऱ्या रूपातला दुवा घेऊन आलं, तर पान सापडेल, पण एकाच पानाला दोन पत्ते राहतील. तेव्हा मागितलेला पत्ता आणि टू-यूआरएलने बनवलेला पत्ता ताडून पाहा, आणि वेगळे निघाले तर ३०१ (‘पत्ता कायमचा बदलला’) देऊन शुद्ध पत्त्यावर पाठवा. टेस्ट लिहिताना ‘दऱ्या’ची तिन्ही रूपं युनिकोड क्रमांकांनी लिहा, कीबोर्डवरून टाइप केलीत तर तिन्ही एकच होऊन टेस्ट फुकट पास होईल.