पाण्यातलं सिमेंट आणि इंदूरची रिंग

(दृश्य: विजयनगर, इंदूर. नव्या स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या पाळी घालून केलेले वाफे. पाइपने पाणी सोडणं चालू.)

काल इथे स्लॅब टाकला, आज त्यावर पाणी तुंबवलंय. सिमेंट वाळून घट्ट होतं, असा आपला समज. मग ते भिजत का ठेवायचं?

कारण सिमेंट वाळत नाही. त्यातले कॅल्शियमचे सिलिकेट पाण्यात विरघळतात आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. वाळू-खडीला धरून ठेवतं ते हेच. पाणी आटलं की काम थांबलं. पीपीसी, म्हणजे राखेसारखी भर घातलेलं सिमेंट असेल तर काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 456) किमान 10 दिवस ओल हवी. तीन दिवसांत पाइप गुंडाळणाऱ्यांच्या स्लॅबला पुढे भेगा जातात, सळई गंजते.

(दृश्य: क्ष-किरण सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा, सावकाश.)

हे आत घडताना बघायचं कसं? नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना निर्वात पोकळीत ठेवतात. ओलं सिमेंट तिथे कोरडं पडतं. जे बघायचं तेच थांबतं. वाट काढली मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी. 2.3 ते 4.4 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पाण्याच्या पातळ थरातून सहज आरपार जातात. आणि गंमत म्हणजे कॅल्शियम नेमकं याच पट्ट्यात, 350 इलेक्ट्रॉन व्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचं माप) च्या आसपास, त्यांना अडवतं. किरणांची ऊर्जा किंचित किंचित बदलत एकेक बिंदू मोजला, की शोषणाच्या शिखरांवरून उमगतं: हे कॅल्शियम चुन्यातलं, कॅल्साइटमधलं, की हायड्रेटमधलं. अमेरिकेत बर्कलीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्स’वर मृदू क्ष-किरणांनी हायड्रेटचे असे तुरे टिपले गेले. गव्हाच्या पेंढ्याच जणू. माळव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

(दृश्य: राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. इंडस-2 चा हॉल, निळे-पिवळे दिवे, बीमलाइनच्या नळ्या.)

एवढे प्रखर आणि हवी ती ऊर्जा निवडता येईल असे किरण सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश काढणाऱ्या यंत्रातून, मिळतात. आणि भारतात सिंक्रोट्रॉन आहेत ते इंदुरातच. ही इंडस-2 ची रिंग, परीघ सुमारे 172 मीटर. आत 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात आणि प्रत्येक वळणावर प्रकाश बाहेर पडतो, क्ष-किरणांसकट. नळ्यांतून तो एकेका बीमलाइनवर, म्हणजे प्रयोगाच्या जागेवर, पोचतो. इथल्या इमेजिंग बीमलाइनवरचे किरण जास्त ऊर्जेचे, घट्ट पदार्थातही शिरणारे. नमुना फिरवत फिरवत प्रतिमा घ्यायच्या. न फोडता आतल्या भेगा नि पोकळ्या तिन्ही मितींत दिसतात.

पाहुण्यांना आपण राजवाडा दाखवतो, सराफ्यात खायला नेतो, सकाळी पोहे-जिलबी देतो. या रिंगचं नाव कोणी काढत नाही, म्हणून आम्ही काढतोय. देशभरातले संशोधक प्रस्ताव पाठवून इथे काम करून जातात. इंदुरात स्थापत्य शिकवणारी महाविद्यालयं काही कमी नाहीत. प्रस्ताव त्यांनाही पाठवता येतो.